दिव्याखालचा गंज

कोकणच्या बाजारपेठांना माल पाठवणाऱ्या आपल्या व्यापारी भावांना पावसाळ्यातली रात्र कशी असते हे सांगण्याची गरज नाही. भिवंडीहून संध्याकाळी गाडी भरून निघाली की पनवेल, पेण, माणगाव मागे टाकून महाडला पोहोचेपर्यंत बरीच रात्र झालेली असते. पुढे २०२३ साली कशेडीचा बोगदा खुला झाल्यापासून एक मोठा घाट टळला हे खरे. परंतु खेडजवळचा भोस्ते घाट आणि चिपळूणच्या अलीकडचा परशुराम घाट आहेतच. वरून मुसळधार पाऊस, समोर धुके, आणि गाडीचे मूळ दिवे म्हणजे जणू घासलेटची चिमणी. अशा वेळी ड्रायव्हर म्हणतो, “शेठ, पुढे दोन जादा दिवे लावून द्या.” त्याची मागणी रास्त असते. आपण दिवे लावून देतो. सध्या तर एलईडी दिवे स्वस्त झाल्यामुळे टेम्पो, पिकअप, जीप, ट्रक, अगदी मोटारसायकललासुद्धा जादा दिवे दिसतात.

मी कापडाचा व्यापारी. गाडी हा माझा विषय नव्हे. तरीही या पानावर या विषयावर लिहावे असे वाटले, याचे कारण म्हणजे दिवा बसवताना त्याच्या ब्रॅकेटखाली जे घडते ते आपल्या बहुतेक धंद्यांत घडत असते. दुसरे कारण असे की गाड्यांच्या फिटिंगच्या, डेंटिंगच्या आणि रंगाच्या कामात आपल्या समाजातील कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत. कुर्ल्याचा सीएसटी रोड पाहा, पुण्याची नाना पेठ पाहा, कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडमागची गॅरेजची ओळ पाहा. गाडी आपली, कारागीर आपला, आणि नुकसानही दोघांचे. म्हणून दोघांशीही चार शब्द बोलायचे आहेत. प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे मी कोणाला उपदेश करतो आहे असे वाटणार नाही.

दीडशे रुपयांची बचत

२०१९ सालच्या पावसाळ्याआधी मी माझ्या पांढऱ्या पिकअपला दोन दिवे बसवून घेतले. फिटिंग करणारा मुलगा तरुण होता, हाताने चांगला होता. बॉनेटच्या दोन्ही कडांना पकडणारे लोखंडी क्लॅम्प त्याने काढले. छिद्र पाडावे लागत नाही म्हणून मला तेच पसंत पडले. तो म्हणाला, “चाचा, याच्या खाली जाड फिल्म आणि चांगलं रबर घालायला हवं. दीडशे रुपये जादा होतील.” मी म्हणालो, “अरे, मालाची गाडी आहे, नवरदेवाची नाही. तसंच बसव.” त्याने पुन्हा एकदा सांगून पाहिले. तेव्हा मी दुकानातून सुती कापडाची एक पट्टी मागवली, दुहेरी घडी घातली आणि म्हणालो, “हे घाल खाली. रंगाला ओरखडा जाणार नाही.” त्याने घातले. गिऱ्हाईकापुढे तो तरी काय करणार?

तीन पावसाळे गाडी कोकणात फिरली. २०२२ साली गाडी विकायला काढली. एका जाणत्या पेंटरकडे धुऊन-पुसून घ्यायला पाठवली. त्याने क्लॅम्प सोडवले आणि मला बोलावून घेतले. कापडाची पट्टी काळी होऊन पत्र्याला चिकटली होती. ती ओढताच तिच्याबरोबर रंगाची पापडी निघाली आणि खाली तांबूस भुगा. एका बाजूला तर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवले तेव्हा ते आरपार गेले. पेंटरने विचारले, “खाली कापड कोणी घातलं?” मी गप्प. मग तो म्हणाला, “शेठ, कापड पाणी पितं. हे तुम्हाला मी सांगायचं का?”

खरोखर, हे मला कोणी सांगायला नको होते. सुती धागा पाणी कसे ओढतो हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशी माझी ती पट्टी प्रत्येक पावसात पाणी ओढून क्लॅम्पखाली नेत होती, आणि पाऊस थांबल्यावर दिवसेंदिवस ओलच राहत होती. आपल्या धंद्यातले ज्ञान दुसऱ्याच्या धंद्यात गेल्यावर आपण कसे विसरतो, याचे मी चांगले उदाहरण आहे.

रंग म्हणजे नटणे नव्हे

“मालाची गाडी आहे, नवरदेवाची नाही,” हे माझे वाक्य आजही अनेक व्यापारी म्हणतात. त्यामागची समजूत अशी की रंग म्हणजे शोभा. ही समजूत चुकीची आहे. रंग हा पत्र्याचा अंगरखा आहे. लोखंडी पत्रा, पाणी आणि हवा यांची गाठ पडली की गंज धरणारच. ही गाठ पडू न देणे हेच रंगाचे पहिले काम. शोभा दुसरी.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर रंगाचे साधारणपणे चार थर असतात. पहिला थर पूर्ण ढाचा हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने पत्र्यावर बसवतात. तो कानाकोपऱ्यांत, घडीच्या आत जातो. गंज रोखण्याचे मुख्य काम हाच थर करतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि त्यावर चकाकी देणारा पारदर्शक थर. हे थर भट्टीत भाजून पक्के केलेले असतात. या सर्वांची मिळून जाडी किती? सुमारे १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक. आपले साधे पॉपलिनचे कापड याहून जाड असते. एवढ्याशा पापुद्र्याच्या भरवशावर गाडी कोकणचा पाऊस झेलते. आणि हा पाऊस म्हणजे रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर! शिवाय किनाऱ्याची खारी हवा असतेच, आणि मिठाचे पाणी गंजाचा वेग वाढवते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो हौदातला पहिला थर एकदा गेला की जगातला कोणताही पेंटर तो तसाच परत बसवू शकत नाही. पेंटर प्रायमर मारील, पुट्टी घासून गुळगुळीत करील, रंगाची छटा तंतोतंत जुळवील. परंतु संपूर्ण ढाचा हौदात बुडवणे गॅरेजमध्ये शक्य नाही. म्हणून मूळ रंग जपणे हे नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त आणि श्रेष्ठ.

ब्रॅकेटखाली काय घडते?

ब्रॅकेट कितीही घट्ट बसवला तरी चालत्या गाडीत तो किंचित हलतोच. दिव्याचे वजन आणि लांब दांडी यामुळे प्रत्येक खड्ड्याला झटका बसतो. रस्त्यावरची बारीक वाळू आणि धूळ ब्रॅकेट व रंग यांच्यामध्ये शिरते. मग ब्रॅकेट हा ब्रॅकेट राहत नाही, तो पॉलिश पेपर होतो. दिवसाला केसभर घासला तरी एका पावसाळ्यात तो रंग खाऊन पत्र्यापर्यंत पोहोचू शकतो.

त्यानंतर पाणी. दोन पृष्ठभागांमधली फट जितकी अरुंद, तितके पाणी तिथे अधिक ओढले जाते आणि तितकेच ते उशिरा वाळते. बॉनेटवरचा उघडा ओरखडा उन्हात वाळतो आणि आपल्याला दिसतोही. ब्रॅकेटखालचा ओरखडा वाळत नाही आणि दिसतही नाही. पत्र्याचे जे लोखंड गंजते ते मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापते, म्हणून गंज शेजारच्या चांगल्या रंगालाही उचलून धरतो. रंगावर फोड दिसू लागतो तेव्हा खालचे काम बरेच पुढे गेलेले असते.

माझ्या गाडीत आणखी एक भानगड झाली होती. बॉनेटची कड म्हणजे एकेरी पत्रा नसतो. शिंपी जशी कापडाची कड आत दुमडतो तसा आतला पत्रा बाहेरच्या पत्र्याच्या दुमडीत धरलेला असतो. त्या दुमडीत पाणी शिरले की लवकर निघत नाही. क्लॅम्प नेमका तिथेच बसतो. शिवाय अशा क्लॅम्पला आतून लहान लहान स्क्रू असतात. त्यांची टोके पत्र्यावर दाबूनच तो पकड घेतो. टोकाखाली प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची चकती नसेल तर स्क्रू रंग फोडून सरळ लोखंडात रुततो. वरून चकचकीत, आतून चार जखमा.

“मग स्टेनलेस स्टीलचा ब्रॅकेट घ्यावा,” असे काही जण म्हणतात. ब्रॅकेट गंजणार नाही हे खरे. परंतु रंग फुटलेल्या जागी स्टेनलेस स्टील आणि साधे लोखंड ओलाव्यात एकमेकांना भिडले की साधे लोखंड उलट लवकर गंजते. ब्रॅकेट चमकत राहतो आणि त्याची किंमत खालचा पत्रा मोजतो. तेव्हा धातू कोणताही असो, मध्ये पडदा हवाच.

पडदा कोणता, कोणता नव्हे

आता कामाची गोष्ट. खाली काय घालावे, हा प्रश्न कारागीर भावांसाठी महत्त्वाचा आहे.

कापड, नमदा, चामडे, साधा स्पंज यांपैकी काहीही नको. हे सर्व पाणी धरून ठेवतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पाणी धरत नाही. परंतु काळ्या रबरातील द्रव्ये हळूहळू रंगात उतरतात आणि पांढऱ्या गाडीवर पिवळसर-तपकिरी डाग पडतो, जो घासून जात नाही. नुसते रबर थेट रंगावर न लावता त्याखाली फिल्म लावावी, हे उत्तम.

फिल्म म्हणजे रंग वाचवण्यासाठी मिळणारी पारदर्शक पॉलियुरेथेनची चिकट फिल्म. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगापेक्षाही अधिक. अख्ख्या गाडीला ती लावायला मोठा खर्च येतो. पण ब्रॅकेटखाली हातरुमालाच्या चौथाईइतका तुकडा पुरतो. मोठ्या कामातून उरलेल्या कात्रणात आपले काम भागते. कापडाच्या दुकानात कात्रणाला किंमत असते, तशी इथेही ती असावी. फिल्मवर हवामान सोसणाऱ्या इपीडीएम जातीच्या रबराचा पातळ तुकडा, आणि बोल्टाखाली नायलॉनचा वॉशर. एवढाच सरंजाम आहे.

लावण्याची रीत अशी. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, म्हणजे मेण-पॉलिशचा तेलकटपणा जातो. धुळीचा एक कण जरी आत राहिला तरी तो दाबाखाली रंगात रुततो. फिल्म ब्रॅकेटच्या पायापेक्षा चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर मोठी कापावी आणि कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा आधी उचलतो. पाणी व थेंबभर साबण शिंपडून फिल्म जागेवर सरकवावी आणि पाणी पट्टीने बाहेर काढावे. चिकट पक्के होण्यासाठी शक्यतो एक दिवस जाऊ द्यावा, मगच ब्रॅकेट कसावा. कसण्याआधी ब्रॅकेटच्या कडा बोटाने तपासून कानस मारावी. बाजारातले पुष्कळ ब्रॅकेट कापल्यानंतरच्या धारदार कडांसह तसेच विकले जातात, आणि ती धार फिल्मसुद्धा कापते. लॉकनट वापरावा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त आवळावे लागत नाही. शे-दोनशे किलोमीटर गाडी चालल्यावर एकदा बोल्ट तपासावेत, कारण रबर बसल्यामुळे पकड थोडी सैल होते.

गाडी नुकतीच गॅरेजमध्ये रंगवली असेल तर महिनाभर थांबलेले बरे. कारखान्याचा रंग भट्टीतला असतो. गॅरेजचा रंग वरून वाळला तरी आतून पक्का व्हायला वेळ घेतो. त्यावर घाईने फिल्म लावली तर काढताना रंगही सोबत येईल.

बॉनेटच्या बिजागरीच्या मूळ बोल्टांवर बसणारे ब्रॅकेट कडेच्या क्लॅम्पपेक्षा बरे. परंतु तिथेही घाई नको. बिजागरीची कड आधी पेन्सिलने आखून घ्यावी आणि एका वेळी एकच बोल्ट काढावा. नाहीतर बॉनेटची बैठक बिघडते आणि दोन्ही बाजूंच्या फटी असमान होतात. बिजागरीजवळ पाना घसरून ओरखडा जाऊ नये म्हणून आजूबाजूला मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यावेत.

छिद्र पाडावेच लागले तर

शक्यतो पाडू नये. पाडावेच लागले तर टेप लावून, पंचाने खूण करून, आधी बारीक आणि मग हव्या त्या मापाचे ड्रिल चालवावे. पंचाशिवाय ड्रिल घसरते आणि रंगावर नागमोडी रेघ उठते. छिद्राच्या कडेची खरबड काढावी. ड्रिलचा लोखंडी चुरा त्याच दिवशी पूर्ण झाडून काढावा. तो रंगावर राहिला तर पहिल्याच दवात तांबूस ठिपके उमटतात आणि गिऱ्हाईक म्हणते की रंगच खराब होता. छिद्राच्या उघड्या कडेला प्रायमर आणि रंग लावून वाळू द्यावा, मगच बोल्ट घालावा. वायर जाणार असेल तिथे रबरी ग्रोमेट घालावा, नाहीतर पत्र्याची कड वायरचे वेष्टन कापते आणि शॉर्ट सर्किट होते.

छिद्र बुजवण्यासाठी सिलिकॉन वापरतात. त्यातही फरक आहे. ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा आंबट वास येतो ते वाळताना आम्ल सोडते आणि उघडे लोखंड गंजवते. फरशी-काचेच्या कामाचे हे सिलिकॉन गाडीला नको. बिनवासाचे, न्यूट्रल जातीचे घ्यावे. पाणी अडवायला लावलेली वस्तूच गंजाला बोलावणे धाडते, हे किती जणांना माहीत आहे?

तसेच अर्थिंगचे. दिव्याच्या काळ्या वायरसाठी बॉडीवर कुठेतरी रंग खरवडून स्क्रू मारण्याची सवय आहे. ही तर आपल्या हाताने केलेली जखम. कंपनीने दिलेला अर्थिंगचा बोल्ट वापरावा किंवा वायर थेट बॅटरीपर्यंत न्यावी. खरवडणे अटळ असेल तर जोड कसल्यानंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीनचा जाड थर द्यावा. रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हे तर हवेतच. त्यात कंजुषी म्हणजे आगीशी खेळ.

जागा आणि कायदा

धुक्यासाठी दिवा लावायचा असेल तर तो खाली हवा. उंचावरचा झोत धुक्यावर आदळून ड्रायव्हरच्याच डोळ्यांत परततो. खालचा झोत धुक्याखालून रस्त्यावर पडतो. म्हणजे माझे बॉनेटवरचे दिवे घाटात फारसे उपयोगाचेही नव्हते! बंपरच्या मागील लोखंडी आधारावर किंवा चॅसिसला ब्रॅकेट धरला असता तर उजेड चांगला मिळाला असता आणि बॉनेटचा रंगही वाचला असता. योग्य जागा निवडली की निम्मे संरक्षण आपोआप होते.

कायद्याकडेही पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १११ व्या नियमानुसार पुढच्या बाजूस स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावण्यास मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच तो लावता येतो. ज्या लोखंडी गार्डवर हे दिवे टांगले जातात त्याविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. तेव्हा समोरच्याचे डोळे दिपवणारे दिव्यांचे तोरण लावून देणे हे कारागिराने गिऱ्हाईकाचे भले केले असे होत नाही. नवीन गाडी असेल तर वॉरंटीची पुस्तिकाही आधी वाचावी.

एक दिवसाची चलबिचल

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पेंटरने पत्रा कापून, जोडून, रंगवून देण्याचे आठ-नऊ हजार सांगितले. मी विचारात पडलो. गाडी विकून देणारा दलाल शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “शेठ, खर्च कशाला करता? क्लॅम्प होता तसा परत लावून टाका. घेणारा दिवे बघून खूश होईल. खाली कोण बघतो?”

खोटे कशाला सांगू? ते बोलणे मला गोड लागले. एक दिवस आणि एक रात्र मी तो विचार मनात घोळवला. माल वापरलेला आहे, घेणाऱ्याने बघून घ्यावा, असे मनाला समजावत राहिलो. मग तो वाकया आठवला, जो आपण सर्वांनी लहानपणी मदरशात किंवा घरात ऐकलेला आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. यावर त्यांनी विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि फसवणूक करणाऱ्यापासून स्वतःला वेगळे केले. लक्षात घ्या, पाऊस पडला हा त्या विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओले खाली आणि कोरडे वर, हा गुन्हा होता.

माझ्या गाडीचेही तेच होते. गंज धरला हा एक मूर्खपणा होता. वरून क्लॅम्प लावून विकणे ही फसवणूक झाली असती. मी क्लॅम्प काढून ठेवले आणि घेणाऱ्याला बोट लावून जागा दाखवली. त्याने बारा हजार कमी दिले. दीडशे रुपयांच्या बचतीचा हिशेब तिथे पुरा झाला. परंतु तोच माणूस त्यानंतर आमच्या दुकानातून आपल्या घरच्या लग्नाचे कापड घेऊन गेला, हेही सांगितले पाहिजे.

दोघांचीही जबाबदारी

फिटिंग करणाऱ्या भावांशी बोललो की ते म्हणतात, “गिऱ्हाईक दहा रुपये जादा द्यायला तयार नसते. आम्ही फिल्म घातली काय आणि न घातली काय, वरून काम सारखेच दिसते. शेजारचा शंभर रुपयांनी स्वस्त करतो, गिऱ्हाईक तिकडे जाते.” हे खोटे नाही. मी स्वतः तसा गिऱ्हाईक होतो. त्या मुलाने मला दोनदा सांगितले होते आणि मीच ऐकले नाही. म्हणून सर्व दोष कारागिराच्या माथी मारणे मला मान्य नाही.

परंतु सर्व दोष गिऱ्हाईकाचाही नाही. पुष्कळ ठिकाणी सांगितलेच जात नाही. बिलावर “दिवे फिटिंग” एवढेच लिहिलेले असते, किंवा बिलच नसते. दोन वर्षांनी गंज दिसतो तेव्हा कोणाला आठवते की खाली काय घातले होते? मग लोक म्हणतात, गॅरेजवाले असेच. आणि चार पैसे जादा देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जातात. तिथेही माणसेच काम करतात, तिथेही चुका होतात; पण तिथे छापील बिल मिळते. आपला कारागीर हुनरात कमी नाही, तो लिहिण्यात कमी पडतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बिलावर दोन ओळी लिहाव्यात. एक, दिवे बसवण्याची मजुरी. दुसरी, पत्र्याचे संरक्षण, आणि त्यात काय वापरले ते. गिऱ्हाईक दुसरी ओळ नको म्हणाले तर तसेही लिहावे आणि त्याची सही घ्यावी. सही करताना माणूस विचार करतो. मीही केला असता. ब्रॅकेट बसवण्याआधी फिल्म लावलेल्या जागेचा फोटो मोबाइलवर काढून गिऱ्हाईकाला पाठवावा. याला खर्च शून्य. जे काम झाकले जाणार ते झाकण्याआधी दाखवणे, यासारखी दुसरी जाहिरात नाही. उस्तादांनी शागिर्दाला पाना हातात देण्याआधी टेप आणि कानस हातात द्यावी. घाईत पाना कोणीही चालवतो.

आणि आम्ही व्यापाऱ्यांनी काय करावे? दिव्याच्या किमतीत जरूर घासाघीस करावी, तो आपला स्वभाव आहे. परंतु झाकल्या जाणाऱ्या कामात घासाघीस करू नये. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ब्रॅकेट सोडवून खालची जागा पाहावी, धुवावी, फिल्म उचलली असेल तर बदलावी. अर्ध्या तासाचे काम आहे. “कोकणात गाडी गंजतेच,” असे म्हणून सोडून देणारे आहेत. गंजतेच, हे मान्य. पण कधी गंजते, आठ वर्षांनी की तीन वर्षांनी, यातच आपला नफा-तोटा आहे.

कापडाच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. तागा उलगडून दाखवताना वरच्या दोन घड्या निर्दोष ठेवायच्या आणि धागा तुटलेली जागा आत दाबायची. गिऱ्हाईक घरी जाऊन शिंप्याकडे कापड टाकते तेव्हा ती बाहेर येते. असे करणारी दुकाने चालतात, पण त्यांच्याकडे तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जाताना मी फारसे पाहिलेले नाही. फिटिंगचे काम करणाऱ्या भावाने ब्रॅकेटखालची ती वीतभर जागा अमानत समजावी, कारण गिऱ्हाईक गाडी सोडून चहा प्यायला गेलेले असते आणि तिथे पाहणारा अल्लाहशिवाय कोणी नसतो. आणि आपण गाडीवाल्यांनी त्या अमानतीची मजुरी न कुरकुरता द्यावी. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि रात्रीच्या प्रवासातून आपल्या गाड्या व माणसे सुखरूप घरी आणो. आमीन.